डब्याला गंज लागला

माझं माहेर कुठलं असं कुणी विचारलं की मी उलट विचारायची, "कोणत्या महिन्यातलं सांगू?" आबा, म्हणजे माझे वडील, सरकारी रोड रोलरवर ड्रायव्हर होते. सडकेचं काम निघेल तिकडे रोलर जायचा आणि रोलरच्या मागे आकड्याला अडकवलेला आमचा डबा जायचा. खाली चार चाकं आणि लोखंडी चासी, तिच्यावर फळ्यांची जमीन, चहूबाजूंनी पत्रा, दोन खिडक्या आणि मागे उतरायला तीन पायऱ्या. सरकारी कागदात त्याला कॅरव्हॅन म्हणत. आम्ही तिघं डबाच म्हणायचो. रोलर माणसाच्या चालीनं चालतो, त्यामुळे बिऱ्हाड एका गावाहून दुसऱ्या गावाला निघालं तरी मायचं काम थांबायचं नाही. धावड्याच्या फाट्यावर वाटायला घेतलेली चटणी पुढच्या गावाच्या शिवेवर वाटून व्हायची.

शाळेसाठी मी परतूरच्या वसतिगृहात राहिले. सुट्टी लागली की बाकीच्या पोरींना घराची ओढ लागायची. मला आधी घराचा पत्ता लागावा लागायचा. जालना तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता, तरी डब्याच्या दारावर जुन्या जिल्ह्याचंच नाव होतं. ते अक्षर आबांनी स्वतःच्या हातानं रंगवलेलं, म्हणून पुसायची कुणाची टाप नव्हती.

मला दिलं तीर्थपुरीला. हे तिथल्या सोसायटीत कारकून, घरची शेती, बैल, दोन गाई. सासूबाई कामाला वाघ आणि बोलायला फटकळ. तोंडाला तोंड द्यायची माझीही खोड, त्यामुळे स्वयंपाकघरात आमचं रोज वाजायचं. त्या मला 'सडकंवरची' म्हणायच्या. सडकंवरचीला ताक घुसळता येत न्हाई, सडकंवरचीला गाय जवळ येऊ देत न्हाई. दुसरं खरंच होतं. गाईला मी आवडत नव्हते आणि गाय मला आवडत नव्हती.

मला दिवस गेले आणि आम्हाला भांडायला मोठा विषय मिळाला. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. पण माहेर चाकांवर असलं तर काय करायचं, हे कुठल्या रीतीत सांगितलेलं नाही.

"लेकरू काय रोलरखाली जन्माला घालती का?" सासूबाई म्हणाल्या.

"रोलर पुढं असतो. डबा मागं असतो," मी म्हणाले.

वरून मी अशी चुरूचुरू बोलत होते, पण आतून मला भीती वाटायची. रात्री कूस बदलली तरी पोटात काही हललं का म्हणून दचकायची. या घरात मला कुणी छळत नव्हतं, खायला-प्यायला कमी नव्हतं, पण मला माय जवळ हवी होती. कळा यायला लागल्या की माझा हात मायच्या हातात असावा, एवढंच मागणं होतं. ते मी सासूबाईंना कधी सांगितलं नाही. मी रोलर पुढं आणि डबा मागं असलंच काहीतरी सांगत राहिले.

त्या वर्षी पंचमीला मी माहेरी गेले तेव्हा पाचवा महिना होता. पावसाळ्यात सडकेची कामं बंद असतात, म्हणून रोलर आणि डबा परतूरच्या डाकबंगल्याच्या आवारात उभे होते. माझा धाकटा दीर मला सोडायला आला होता आणि मुक्कामाला राहिला होता. दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी डब्याच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे मायनं मोरी केली होती, तिथे तांब्या घ्यायला वाकले आणि माझा डावा पाय जमिनीतून आरपार खाली गेला. फळी मोडली, तिच्यावरची माती ढासळली आणि मी मोरीच्या काठावर बसकण मारली. माझा पाय खालून हवेत लोंबत होता. मायनं जी किंकाळी फोडली ती मला अजून ऐकू येते.

डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं, बाळ ठीक आहे म्हणाल्या. घोटा मुरगळला होता. दहा-बारा दिवस एसटीत पाय टाकायचा नाही, असं त्यांनी बजावलं. दीर एकटाच परत गेला आणि जे पाहिलं ते त्यानं घरी मीठमसाला लावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरबरोबर सासूबाईंचा निरोप आला. "पाय बरा झाला की सून जल्दी धाडा. बाळंतपण हितंच व्हईल. त्या डब्यात माही सून पुन्हा पाय ठिवायची न्हाई."

कंडक्टर बिचारा निरोप सांगून खाली मान घालून गेला. माय रडायला लागली. आबांनी हातोडी घेतली, डब्याखाली पाठीवर सरकले आणि चासी वाजवून पाहायला लागले. चांगलं लोखंड ठण्ण वाजतं. आतून खाल्लेलं लोखंड वाजतच नाही, नुसतं भद् करतं. मी बाजेवर पाय ताणून बसले होते आणि मोजत होते. पुढच्या चाकांपाशी ठण्ण, ठण्ण, ठण्ण. मागं आले तसं भद्, भद्. आबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या मिशांवर लाल भुकटी पडलेली होती.

"बाई," ते मला म्हणाले, "दिवाळीपस्तोर चासी बराबर करतो. मंग तुह्या सासूला म्हणावं या, आन् बघा."

सरकारी डबा दुरुस्त करायचा तर अर्ज, पाहणी, मंजुरी यातच माझं लेकरू शाळेत गेलं असतं. आबांनी साहेबांना विचारलं. साहेब भला माणूस. तो म्हणाला, "मी या बाजूला आठ दिवस येणार नाही. आलो तरी मला दिसत नाही." आबांनी रोलर चालू केला आणि डबा ओढत बाजारामागच्या एका मिस्त्रीच्या शेडमध्ये नेला. मिस्त्रीचाचा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचा. लांब पांढरी दाढी, ठिणग्यांनी भोकं पडलेला सदरा. मायनं भांडीकुंडी, पेटी, देव सगळं शेडच्या एका कोपऱ्यात मांडलं आणि तीन दगडांची चूल केली. मला बाज टाकून दिली. घोट्याला हळद-चुना लावून मी ते आठही दिवस त्या बाजेवर बसून होते, त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

डबा जॅकवर उचलून लाकडी ठोकळ्यांवर ठेवला आणि चाचानं फळ्या उचकटायला घेतल्या. फळ्या निघेचनात, कारण त्यांच्यावर मातीचा थर बसलेला होता. पार चार बोटं जाड. माय दर आठ दिवसांनी डबा सारवायची. शेण आणि पांढरी माती कालवून, हातानं गोल गोल, चुलीपासून मोरीपर्यंत. रोलरचं इंजिन शेजारी धडधडत असायचं आणि आत आमची जमीन शेणानं सारवलेली असायची. मला त्यात कधी काही वेगळं वाटलं नव्हतं. घर म्हणजे सारवलेलं असतं.

माती खरवडून निघायला लागली तशी माय जवळ येऊन बसली. तिनं एक खपली उचलली, बोटानं मोडली. "ही धावड्याची. भुरी हाय. तवा तू रांगत होती." दुसरी उचलली. "ही काळी इथलीच." तिला प्रत्येक मुक्कामाची माती ओळखू येत होती. ती कौतुकानं दाखवत होती, आणि मी पाहत होते की त्या मातीखालच्या फळ्या काळ्या पडून कुजल्या आहेत आणि फळ्यांखालचं लोखंड लाल भुगा होऊन गळतंय. सगळ्यात जास्त मोरीखाली. मग पाण्याच्या माठाखाली. मग चुलीजवळ, जिथे ती रोज पाणी शिंपडून सारवायची तिथे.

चाचानं एका आडव्या पट्टीला नुसता हात लावला आणि तुकडा हातात आला. "भाई, ये तो पापड हो गया," तो आबांना म्हणाला. "ऊपर से पानी, मट्टी, गोबर. सूखताच नै था ये."

मायचा हात तिथल्या तिथे थांबला. तिनं हातातली खपली खाली ठेवली.

आणि मी, शहाणी, दहावी पास, बाजेवरून ओरडले, "माय, लोखंडावर कुणी सारवतं का? येवढी अक्कल न्हाई?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर ते कधी आवाज चढवायचे नाहीत, तेव्हा चढवला. "गप बस. वीस वर्सं तिनं घर करून दाखवलं हितं. निस्त्या लोखंडात कुणी राहात असतं का?"

मग ते मायसमोर उकिडवे बसले आणि चाचाच्या हातातून छिन्नी घेऊन चासीच्या खालच्या अंगाला मारली. तिथून रंगाचा पोपडा निघाला. काळा, करडा, हिरवा, लाल, पुन्हा काळा. आबा दर दसऱ्याला रोलरची पूजा करायचे आणि डब्याच्या चासीला खालून रंगाचा हात द्यायचे. जंग न खरवडता, वरच्या वर. पूजेच्या दिवशी लोखंड खरवडायचं नसतं, अशी त्यांची समजूत. पोपड्याच्या आतून लाल पाणी गळलं.

"हे बघ," ते मायला म्हणाले. "तू वरून ओलं ठिवलं, म्या खालून कोंडून ठिवलं. पाणी जाणार कुठं? माहीच चूक."

"माह्या शेणानं खाल्लं," माय म्हणाली.

"माह्या रंगानं."

"तुम्ही उगं मला बरं वाटावं म्हणून बोलून राह्यले."

चूक आपलीच, हे ठरवण्यावरून ती दोघं भांडत राहिली. चाचा विडी ओढत ऐकत होता. मला स्वतःच्या बोलण्याची इतकी लाज वाटली की मी पांघरूण डोक्यावर घेतलं. लाज वाटली की मी अजूनही तेच करते.

त्या दुपारी मी तीर्थपुरीला पत्र लिहायला बसले. खुशाली कळवायची आणि दुरुस्ती चालू आहे हेही जरा वजनानं कळवायचं. आमच्याकडे सगळे जंग म्हणतात. पण मी दहावीत मराठीत वर्गात पहिली आलेली. जंग कशाला लिहीन? मी शुद्ध मराठीत लिहिलं: 'डब्याला गंज लागला आहे. तळ पार गेला आहे. जुना काढून टाकावा लागणार. नवा घ्यायचा तर खर्च आहे, पण आबा करतील. तोवर अडचण सोसतो आहोत.'

पत्र पोचलं तेव्हा हे कामानं जालन्याला गेलेले होते. चौथी शिकलेल्या नणंदेनं ते अक्षर लावत सासूबाईंना वाचून दाखवलं. आता आमच्या भागात गंज म्हणजे मोठं पातेलं. भात, वरण, आंघोळीचं पाणी, सगळं गंजातच व्हायचं. आणि लागला म्हणजे हवा झाला. डब्याला गंज लागला आहे, तळ पार गेला आहे, नवा घ्यायचा तर खर्च आहे, अडचण सोसतो आहोत. सासूबाईंनी दोनदा वाचून घेतलं म्हणे.

चौथ्या दिवशी दीर शेडच्या दारात उभा. डोक्यावर एक मोठाच्या मोठा पितळी गंज, आतून ताजी कल्हई केलेला. "बाईनं धाडला," तो म्हणाला. आईला तो बाई म्हणायचा आणि वडिलांना बापू. "म्हणली, येवढा सरकारी रोलर हाकतात आन् घरात एक गंज न्हाई का? पोर दोन जिवाची हाय, तिला आबाळ करू नका."

मला आधी काही कळेना. मग पत्रातली वाक्यं एकेक करून आठवली आणि मी अशी हसत सुटले की चाचानं मशीन बंद केलं. आबा हसले, दीर हसला. माय हसली नाही. तिनं गंज उतरवून घेतला, पदरानं पुसला. तिला वाईट वाटलं होतं. व्याह्यांनी आपल्याला एवढं दरिद्री समजावं? मी सांगत होते, अगं गैरसमज झाला, परत धाडून दे. माय म्हणाली, "भांडं रिकामं परत धाडत नसतात." मग गंज जवळ ओढून म्हणाली, "तोंडानं कशीबी असू दे. पण ऐकल्याबराबर धाडला की न्हाई?"

रात्रभर दिराला ठेवून घेतलं. सकाळी मायनं त्या तीन दगडांच्या चुलीवर धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी कुटली आणि गंज गच्च भरला. वर फडकं बांधण्याआधी पेटीतून एक खण काढून ठेवला. मी म्हणाले, "खण कशाला?" ती म्हणाली, "लेकीला धाडताना ठिवतात तसा." मला वाटलं, मायचं काहीतरी चुकतंय. लेक तर मी, आणि मी इथे बसलेय. पण नुकतीच तोंडघशी पडलेली होते, म्हणून गप्प राहिले.

दुरुस्ती आठ दिवस चालली. चाचाचा एक नियम होता. हातोडी मारत जायचं, आणि आवाज जिथे चांगला लागेल तिथे खडूची रेघ. "यहाँ तक लोहा अपना. इसके आगे मट्टी," तो म्हणायचा. रेघेच्या पलीकडचं सगळं निर्दयपणे कापून टाकलं. चार आडव्या पट्ट्या नव्या घातल्या. मागच्या बाजूला चॅनलला, म्हणजे चासीच्या लांब पट्टीला, दोन्ही अंगांनी नवी लोखंडी पाटी लावून जोड दिला. कुजक्या लोखंडाला नवं जोडायचं नाही, वेल्डिंगचा टाका धरत नाही. उरलेलं सगळं आबांनी स्वतः तारेच्या ब्रशानं घासलं. पांढरं लोखंड दिसेपर्यंत. रॉकेलच्या बोळ्यानं पुसलं, वाळू दिलं, मग लाल ऑक्साइडच्या रंगाचे दोन हात. आबांच्या बोटांची सालं निघाली होती. मी म्हणाले, आबा, जरा बसा. ते म्हणाले, "तुह्या लेकराचा पाळणा टांगायचाय वर."

मोरीच्या कोपऱ्यात पत्र्याचं तबक बसवलं आणि पाणी चासीपासून लांब पडावं म्हणून खाली नळी काढली. नव्या फळ्या ठोकल्या. मायनं त्या फळ्यांवरून हात फिरवला आणि ओल्या फडक्यानंही पुसल्या नाहीत, कोरड्यानं पुसल्या. डबा डाकबंगल्यावर परत आला तेव्हा ती पायऱ्यांसमोरची चार हात जमीन सारवायला बसली. तिथे रांगोळी काढली. पुढे जिथे मुक्काम पडेल तिथे ती अशीच समोरची जमीन सारवायची आणि निघताना ती तिथेच ठेवून यायची.

मी सासरी परत गेले. सासूबाईंनी धपाट्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. दीर म्हणाला, त्यांनी उंबऱ्यात बसून एक खाल्लं आणि नंतर कुणाला न सांगता दुसरं. खण त्यांच्या पेटीत घडी करून ठेवलेला मी पाहिला. गंजाचा घोटाळा एव्हाना त्यांना कळला होता. "आसं व्हय. मंग जंग म्हणायचं की सरळ," एवढंच त्या म्हणाल्या आणि दूध तापवायला गेल्या.

दिवाळी झाल्यावर त्या मला घेऊन परतूरला आल्या. आबांनी सडकेचा जवळचाच टप्पा मागून घेतला होता. डबा गावापासून कोसभर, एका कडुलिंबाखाली होता. सासूबाईंनी चहा घेतला नाही, बसल्या नाहीत. "आधी बघू द्या," म्हणाल्या. आबांनी विहीणबाईंच्या हातात हातोडी दिली. "ईनबाई, वाजवून बघा. ठण्ण वाजलं तर चांगलं, भद् वाजलं तर खराब."

आबांना वाटलं असेल, एक-दोन ठिकाणी वाजवतील. सासूबाईंनी पदर खोचला, गुडघ्यांवर बसल्या आणि आडव्या होऊन डब्याखाली सरकल्या. सडकेवरचे मजूर टोपल्या खाली ठेवून बघायला लागले. खालून आवाज येत होता. ठण्ण. ठण्ण. ठण्ण. एकही पट्टी त्यांनी सोडली नाही. एक जरी भद् झालं असतं तर मला उलट्या पावली तीर्थपुरीला जावं लागलं असतं, आणि माय इथे, मी तिथे. मायनं माझा हात घट्ट धरला होता. मग त्या बाहेर आल्या, मोरीत दोन बादल्या पाणी ओतायला लावलं, नळीखाली वाकून पाहिलं. शेवटी डब्यात चढून, जिथे माझा पाय गेला होता तिथे दोन्ही टाचांनी धडाधड उड्या मारल्या.

"ऱ्हाऊ द्या पोरीला," त्या म्हणाल्या आणि मग चहा मागितला.

मार्गशीर्षात परतूरच्या सरकारी दवाखान्यात मला मुलगी झाली. कळा आल्या तेव्हा माय होती. माझ्या नखांचे वळ तिच्या मनगटावर महिनाभर होते आणि ती ते येईल त्याला दाखवायची. तिसऱ्या दिवशी आम्ही डब्यात आलो. शेगडी, शेक, वेखंडाची धुरी, डब्याच्या छताच्या अँगलला टांगलेला पाळणा. चासी हूं की चूं करत नव्हती. इतकं सुख मला नंतर कुठल्या पक्क्या घरात लाभलं नाही, हे मी जालन्याच्या माझ्या स्लॅबच्या घरात बसून लिहिते आहे.

बाराव्या दिवशी सासरची मंडळी बारशाला आली. सासूबाईंनी गंज आणला, डिंकाच्या लाडवांनी भरलेला. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटल्या, सगळे संध्याकाळच्या गाडीला निघाले. सासूबाई म्हणाल्या, "म्या राहाते दोन दिवस. सुनंला शेकायला माणूस पाहिजे."

पण मायनं त्यांना कशाला हात लावू दिला नाही. शेगडी घेतली की "ठिवा", भाकरीला बसल्या की "उठा, तुम्ही बसा निवांत." सासूबाईंना निवांत बसता येत नव्हतं. त्या पायरीवर बसायच्या, उठायच्या, पुन्हा बसायच्या. हात कुठे ठेवावे ते त्यांना कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मायनं शिकेकाई उकळली. "ईनबाई, या. डोकं धुऊन देते."

"माहं? मला काय झालं?"

"काही झाल्यावरच धुत्यात का?"

लिंबाखाली दगडावर बसवून मायनं त्यांचं डोकं चोळून धुतलं. मग उन्हात बसून केसांतून तेल घातलं. सासूबाई मायपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठ्या, पण मायच्या गुडघ्याशी खाली मान घालून बसल्या होत्या. मी दारात लेकीला पाजत होते. बऱ्याच वेळानं त्या बोलल्या, माझ्याशी नव्हे आणि मायशीही नव्हे.

"माही माय मी दोन वर्सांची असताना गेली. बाप मागून. चुलत्यानं लगीन लावलं आन् सुटला. पंचमीला आळीतल्या समद्या जणी जायच्या. कुणाचा भाऊ यायचा, कुणाचा बाप. म्या दारात उभी ऱ्हायचे. मला आणाया कुणी आलंच न्हाई. चारी बाळंतपणं गोठ्याशेजारच्या खोलीत झाली. डोक्याला तेल लावायला कुणी नव्हतं."

मायचा हात चालू राहिला. मी मात्र लेकीच्या टाळूवर तोंड ठेवून रडले. इतके दिवस मला वाटत होतं, ही बाई माझ्या माहेराला नावं ठेवते. तिनं त्या चासीची एकूण एक पट्टी का वाजवून पाहिली, ते मला त्या दुपारी समजलं. सुनेला माहेर असावं आणि ते पक्कं असावं, असं तिला वाटत होतं. तिला ते सांगता येत नव्हतं, जसं मला माझं सांगता आलं नव्हतं.

दोन दिवसांचे चार झाले. पाचव्या दिवशी दीर त्यांना न्यायला आला. सासूबाई पायरीवर केस मोकळे सोडून बसल्या होत्या, मांडीवर नात.

"बाई, चाल आता," दीर म्हणाला. "बापू वाट पाहून राह्यले. गाय बी दूध द्यायना दुसऱ्याला."

"त्यांला सांग, आठ दिवस येत न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "म्हणावं, बाई माहेराला गेली."

दीर माझ्याकडे बघायला लागला. मी दुसरीकडे पाहिलं. त्यानं पिशवी उचलली आणि तो सडकेकडे चालायला लागला.

आतून मायनं विचारलं, "ईनबाई, भाकर ज्वारीची टाकू का बाजरीची?"

"तू टाकशील ती," सासूबाई म्हणाल्या.

विहिणीला कुणी तू म्हणत नाही. आईला म्हणतात. आत परात वाजली आणि मायनं भाकर थापायला घेतली.